दहा फेऱ्या, वीस वळणं

"वळ!"

कानाशी शब्द येतो आणि मी उजव्या हाताची स्टिक डावीकडे झुकवून लगेच स्वतःकडे ओढते. सत्तर मीटरवर माझं पिवळं विमान कुशीवर पडतं, खांबाला वळसा घालतं आणि परतीच्या वाटेला लागतं. त्याच्या मागेपुढे आणखी तीन विमानं असतात. माझ्या दोन्ही बाजूंना उभी असलेली माणसं "टर्न! टर्न!" असं ओरडत असतात. त्या गलक्यात माझ्यासाठीचा शब्द मला चुकत नाही, कारण मैदानावर तो एकटाच मराठी आहे.

तो उच्चारणारे क्लबातले आजोबा अमेरिकेतल्या ओहायो राज्याचेच. उभं आयुष्य लेथ मशीनवर गेलं, आता वय ऐंशीच्या घरात. 'ळ' त्यांच्या जिभेवर बसत नाही, 'वल' असंच ऐकू येतं. पण वेळ अचूक असते, आणि या खेळात वेळेला उच्चारापेक्षा जास्त किंमत आहे.

मी मूळची मिरजेची. तिथेच इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला, लग्नानंतर अमेरिकेत आले आणि गेली अनेक वर्षं क्लीव्हलँडच्या दक्षिणेला राहते. यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात तपासणी विभागात काम करते. एप्रिल ते ऑक्टोबर, महिन्यातून एका रविवारी, मी विजेवर चालणाऱ्या, रेडिओने उडवायच्या छोट्या विमानांच्या शर्यतीत उतरते. भारतात फोनवर हे सांगितलं की पहिला प्रश्न येतो, "म्हणजे ड्रोन का?" ड्रोन नव्हे. ही पंखांची, शेपटीची, खऱ्या विमानासारखी उडणारी विमानं. हवेत थांबणं त्यांना ठाऊक नाही. वेग गेला की ती पडतात, म्हणून त्यांना सतत उडवत राहावं लागतं.

खेळ सांगायला सोपा आहे. मैदानात १२० मीटर अंतरावर दोन उंच खांब उभे करतात. त्यांना पायलॉन म्हणतात. एका वेळी चार विमानं सुटतात, अशा एका खेपेला 'हीट' म्हणतात. दोन्ही खांबांना बाहेरून वळसे घालत दहा फेऱ्या पुऱ्या करायच्या, वळायचं नेहमी डावीकडेच. जो आधी पुऱ्या करेल तो जिंकला. खांबाच्या अलीकडून वळलात तर तो 'कट'. आमच्या क्लबात एका कटला एक फेरी जास्त उडावी लागते, दोन कट झाले की त्या हीटचे गुण शून्य. दहा फेऱ्यांना साधारण सव्वादोन मिनिटं लागतात. मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत दोनाऐवजी तीन पायलॉनचा त्रिकोण असतो. तिथे फेरी ४०० मीटरची आणि दहा फेऱ्यांचं अंतर ४ किलोमीटर. तिथले निष्णात लोक ते साधारण एका मिनिटात कापतात. आमची विमानं त्यामानाने सावकाश. पण ज्याच्या हातात रेडिओ असतो, त्याला ती सव्वादोन मिनिटं सावकाश कधीच वाटत नाहीत.

हा खेळ क्लीव्हलँडमध्ये खेळताना मला विशेष वाटतं, त्याचं कारण इथली जमीन. १९२९ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय हवाई शर्यती क्लीव्हलँडला आल्या आणि पुढची वीस वर्षं, मधली काही वर्षं सोडली तर, इथल्याच विमानतळावर होत राहिल्या. त्याच १९२९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिकाहून क्लीव्हलँडपर्यंत बायकांची स्वतंत्र विमान शर्यत झाली. वीसजणी त्यात उतरल्या होत्या. मोठ्या विमानांच्या गटात लुईझ थेडन पहिली आली, अमेलिया इअरहार्ट तिसरी. १९३२ मध्ये जिमी डूलिटलने इथेच, जी बी नावाच्या आखूड, गुबगुबीत विमानातून पायलॉनभोवती ताशी ४०० किलोमीटरहून जास्त वेगाने उडत थॉम्पसन करंडक जिंकला.

दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४७ मध्ये, गुडइयर करंडकासाठी छोट्या विमानांची शर्यत सुरू झाली. साध्या माणसाला स्वतःच्या शेडमध्ये बांधता येईल असं, छोट्या इंजिनाचं, एका माणसाचं विमान हवं, ही त्यामागची कल्पना. पहिल्या वर्षी स्टीव्ह विटमनचं 'बस्टर' नावाचं विमान बिल ब्रेनंडने जिंकवलं. ते आज स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. पुढे रेडिओवाल्या मंडळींनी पायलॉन शर्यती सुरू केल्या, तेव्हा त्यांच्यासमोर आदर्श होता तो याच छोट्या गुडइयर विमानांचा.

या गोष्टीचा शेवट मात्र दुःखाचा आहे. १९४९ च्या सप्टेंबरात बिल ओडम या वैमानिकाचं युद्धातल्या मस्टँग लढाऊ विमानात बदल करून बनवलेलं विमान वळणावर ताब्याबाहेर गेलं आणि बेरिया गावातल्या एका घरावर कोसळलं. ओडम गेला, त्या घरातली तरुण आई आणि तिचं तान्हं मूलही गेलं. क्लीव्हलँडच्या त्या मोठ्या शर्यती तिथेच थांबल्या. मी बेरियातून नेहमी जाते-येते. आमच्या क्लबात प्रत्येक मोसमाच्या पहिल्या रविवारी जुने सभासद नव्यांना ही हकीकत सांगतात. वळण चुकलं तर त्याची किंमत जमिनीवरचा माणूस मोजू शकतो, हे आमच्या सुरक्षेच्या नियमांचं मूळ आहे.

आता विजेबद्दल. रेडिओने विमान उडवणं जुनं आहे. मिशिगन राज्यातल्या कॅलमझूच्या वॉल्टर आणि विल्यम गुड या जुळ्या भावांनी १९३७ मध्ये 'गफ' नावाचं विमान रेडिओने उडवलं. तेव्हा आणि पुढेही कितीतरी वर्षं ही विमानं छोट्या इंजिनांवर चालत. विजेवर चाललेल्या रेडिओ विमानाचं पहिलं नोंदलेलं उड्डाण ३० जून १९५७ चं. इंग्लंडमध्ये कर्नल टॅपलिन यांनी रूप्याच्या आणि जस्ताच्या बॅटरीवर 'रेडिओ क्वीन' उडवलं. पण बॅटरीचं वजन हा अडसर दीर्घकाळ राहिला. निकेल-कॅडमियमच्या बॅटऱ्या आल्या तरी विमान आधी बॅटरी उचलायचं आणि मग उरलेल्या जोरावर उडायचं. या शतकाच्या सुरुवातीला लिथियम-पॉलिमर बॅटऱ्या हाताशी आल्या, आमच्या भाषेत 'लायपो'. तेवढ्याच वजनात तिपटीच्या आसपास वीज मावायला लागली. सोबत ब्रश नसलेली मोटर आली. हा खेळ मग इंजिनाचा आवाज आणि तेलकट धूर मागे टाकून शेजाऱ्यांना चालेल असा झाला.

माझ्या विमानातली बॅटरी तळहाताएवढी आहे, वजन १८० ग्रॅमच्या आसपास. तिच्यात तीन सेल. प्रत्येक सेल नावाला ३.७ व्होल्टचा, पूर्ण भरला की ४.२. म्हणजे तिन्ही मिळून १२.६ व्होल्ट. क्षमता २२०० मिलीअँपिअर-तास. त्या विजेवर घरातला ९ वॅटचा एलईडी दिवा अडीच तासांहून जास्त जळेल. शर्यतीत मोटर तीच वीज ३० अँपिअरने ओढते, म्हणजे ३०० वॅटहून जास्त. पूर्ण जोरात ही बॅटरी चार-साडेचार मिनिटांत संपेल. दहा फेऱ्यांत निम्मी वापरली जाते. उरलेली निम्मी नीट उतरण्यासाठी आणि बॅटरीच्या आयुष्यासाठी राखायची. लायपो पार रिकामी केली की ती फुगते, आणि फुगलेली बॅटरी परत वापरायची नसते. शर्यतीवरून घरी आलं की मी सगळ्या बॅटऱ्या सेलमागे ३.८ व्होल्टच्या आसपास आणून ठेवते. भरलेल्या ठेवल्या तर त्या लवकर म्हाताऱ्या होतात. चार्ज करताना समोरून हलत नाही, फरशीवर, आगीला दाद न देणाऱ्या पिशवीत ठेवून चार्ज करते. दूध तापत ठेवल्यावर आपण जसे ओट्यापाशी उभे राहतो, तसंच.

मोटरच्या टोकाला प्रोपेलर. त्यावर '९ x ६' असं लिहिलेलं असतं. नऊ इंच ही लांबी. सहा म्हणजे एका फेऱ्यात तो हवेतून सहा इंच पुढे सरकेल, लाकडात स्क्रू शिरावा तसा. मोटर मिनिटाला ११,००० फेरे मारते असं धरा. ११,००० गुणिले ६, म्हणजे मिनिटाला ६६,००० इंच, म्हणजे ताशी साधारण १०० किलोमीटर. हवा काही लाकूड नव्हे, ती निसटते. म्हणून प्रत्यक्षात सरळ रेषेत नव्वदच्या आसपास वेग मिळतो. हा गुणाकार मी नव्या मुलांना मैदानावरच करायला लावते. विमान कशाने पळतं हे आकड्यांत कळलं की त्यांचे डोळे चमकतात.

आमच्या क्लबात सगळ्यांचं विमान एकाच जातीचं असतं. फोमचं, किलोभर वजनाचं, मोटर तीच, बॅटरी तीच. प्रोपेलर तर शर्यतीच्या सकाळी क्लबाच्या एका खोक्यातून उचलायचे. मी तपासनीस असल्याने तराजू आणि मीटर माझ्या ताब्यात. प्रत्येक विमान वजन करून, बॅटरीचे व्होल्ट बघून, प्रोपेलरला बारीकसा तडा नाही ना हे उजेडात धरून पाहिल्याशिवाय मी कोणाला पुढे सोडत नाही. पैसे जास्त खर्च करून वेग विकत घेता येऊ नये, हा त्यातला हेतू. चौघांचा वेग सारखा असेल तर जिंकतं कोण? जो वळतो नीट, तो.

याचा हिशेब बघा. खांबाभोवतीचं वळण म्हणजे अर्धं वर्तुळ. समजा, मी शेजारच्या पायलटपेक्षा प्रत्येक वेळी फक्त ५ मीटर मोकळं वळले. एका वळणाला १५.७ मीटर जास्त उडले, एका फेरीत दोन वळणं, दहा फेऱ्यांत वीस. बेरीज होते ३१४ मीटर. आमची एक फेरी साधारण ३२० मीटरची आहे. म्हणजे केवळ पाच-पाच मीटरच्या ढिलाईने मी जवळजवळ एक अख्खी फेरी जास्त उडले. सरळ रेषेत कितीही जोर लावा, ती भरून निघत नाही.

मग सगळेच घट्ट का वळत नाहीत? कारण वळणाचाही कर भरावा लागतो. ताशी ९० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २५ मीटर. या वेगाने साडेबारा मीटर त्रिज्येचं वळण घेतलं तर विमानावर त्याच्या वजनाच्या पाचपट ओढ येते. किलोभराच्या विमानाच्या फोमच्या पंखांना पाच किलोचा भार पेलावा लागतो. त्यासाठी विमानाला ८० अंशांच्या आसपास कलंडावं लागतं, जवळजवळ उभं. पंखांनी एवढा जोर लावला की हवेचा विरोधही वाढतो आणि वेग पडतो. फार घट्ट ओढलं तर हवा पंखाला सोडते, विमान झटका खाऊन उलटं होतं आणि जमीन फार लांब नसते. तेव्हा खूप मोकळं नाही, खूप घट्ट नाही, मधली एक वाट प्रत्येकाला स्वतःच्या अंगठ्याने शोधावी लागते. मला ती सापडायला दोन मोसम लागले.

आता 'वळ' या शब्दाकडे येते. उडवताना विमानावरची नजर काढता येत नाही. क्षणभर खांबाकडे पाहिलं आणि परत पाहिलं तर आभाळात चार सारखे ठिपके असतात, आपला कोणता ते कळायला वेळ जातो. आणि बाजूला उभं राहून विमान खांबाच्या पुढे गेलं की अलीकडेच आहे, हे आपल्याला नीट दिसतच नाही. म्हणून प्रत्येक खांबाच्या रेषेत, सुरक्षित अंतरावर, दोन-दोन पंच बसतात. विमानाने रेषा ओलांडली की ते त्या विमानाच्या रंगाचा दिवा लावतात. पायलटच्या मागे त्याचा कॉलर उभा असतो. दिवा, खांब, वारा, बाकीची तीन विमानं हे सगळं तो बघतो आणि पायलटला शब्द देतो.

पण दिवा लागल्यावर शब्द दिला तर उशीर झालेला असतो. दिवा बघून बोलायला कॉलरला पाव सेकंद, ऐकून अंगठा हलवायला मला पाव सेकंद. त्या अर्ध्या सेकंदात विमान बारा मीटर पुढे गेलेलं असतं, आणि तेवढंच परत यावं लागतं. म्हणून चांगला कॉलर दिव्याची वाट बघत नाही. तो विमानाचा वेग, वारा आणि त्याच्या पायलटची सवय ओळखून आधी बोलतो. दिवा लागतो आणि विमान कलंडतं, दोन्ही एकाच क्षणी. आधी बोलण्यात कट होण्याचा धोका असतो, तो कॉलर आपल्या अंगावर घेतो. मी बिनशर्त त्याचं ऐकायचं. मनात 'खरंच आत्ता?' असा विचार आला, की वळण गेलंच.

हे नातं मला नवं नव्हतं. मिरजेत, किल्ला भागातल्या आमच्या गच्चीवर, वारं सुटलं की दादा पतंग उडवायचा आणि मी फिरकी धरायची. सगळं जग पतंगाकडे बघत असताना फिरकी धरणाऱ्याला दादाच्या हातांकडे बघावं लागतं. त्याने ढील मागायच्या आधी फिरकी सुटली पाहिजे, खेचताना गुंडाळली गेली पाहिजे. एकदा माझं लक्ष शेजारच्या गच्चीकडे गेलं, मांजा अडकला आणि दादाचा लाल पतंग गेला. तो रागावला नाही. एवढंच म्हणाला, "ताई, पतंग दोघांचा असतो." मी त्याच्यापेक्षा चार वर्षांनी लहान, तरी तो मला ताईच म्हणायचा. ते वाक्य मी विसरले नाही.

इथे आल्यावर मुलगा बारा वर्षांचा असताना त्याला या खेळाचं वेड लागलं. त्याला मैदानावर सोडायचं आणि गाडीत पुस्तक वाचत बसायचं, असं माझं चालायचं. एक दिवस त्याचा कॉलर आला नाही. तो धावत आला, "आई, चल ना, फक्त उभी राहा आणि सांग." मी उभी राहिले. पहिल्या दोन वळणांना "टर्न" म्हणाले, ते बाकीच्यांच्या "टर्न"मध्ये विरघळून गेलं. तिसऱ्या वळणाला तोंडातून आपसूक "वळ!" आलं, आणि त्याचं विमान सुरीसारखं वळलं. त्या दिवसापासून आमचा तोच शब्द. पुढे तो कॉलेजला गेला, विमान गॅरेजमध्ये राहिलं. एका वसंतात मी त्याची धूळ पुसली, शिकाऊ विमानावर उन्हाळाभर सराव केला आणि स्वतः उडवायला उभी राहिले. आजोबा तेव्हा म्हणाले, "मी कॉल करीन. तो तुमचा शब्द मला शिकवा."

माझी सगळ्यात मोठी चूक सांगते, कारण ती कोणाचीही होऊ शकते. एका शनिवारी रात्री मी पंखातला बिघडलेला सर्वो बदलला. सर्वो म्हणजे पंखाची झडप हलवणारी छोटीशी मोटर. सकाळी घाईत निघाले. झडपा हलतात हे पाहिलं, त्या कोणत्या बाजूला हलतात हे पाहिलं नाही. नवा सर्वो उलट्या दिशेने फिरत होता. विमान हातातून सुटलं, जरासं डावीकडे कललं, मी स्टिक उजवीकडे दिली, ते आणखी डावीकडे कललं. दोन सेकंदांत सगळं संपलं. दिवसभर लोकांचे भाग तपासणारी मी, स्वतःचं विमान तपासलं नव्हतं. त्या दिवसापासून प्रत्येक उड्डाणाआधी स्टिक उजवीकडे झुकवते आणि उजव्या पंखाची झडप वर उठलेली डोळ्यांनी पाहते. ज्या बाजूला स्टिक, त्या बाजूची झडप वर. आता मी हे तोंडाने म्हणते आणि इतरांनाही म्हणायला लावते.

विमान शेजारच्या मक्यात पडलं होतं. ऑगस्टातला मका, डोक्याहून उंच. आम्ही पाचजण ओळीने आत शिरलो. लायपोला मार बसला तर ती तासाभरानेही पेटू शकते, म्हणून ती शेतात सोडून जाता येत नाही. जमीन क्लबाने एका शेतकऱ्याकडून भाड्याने घेतलेली आहे, त्याचं पीक आम्हाला आमच्या विमानाहून मोलाचं. अर्ध्या तासाने पिवळं शेपूट दिसलं. बॅटरी वाळूच्या बादलीत गेली, नाक चेपून सपाट झालं होतं.

घरी मग आजोबांनी शिकवलेला उपाय केला. किटलीत पाणी उकळलं, जरा निवू दिलं आणि चेपलेल्या नाकावर सावकाश ओतलं. फोमचे बारीक दाणे गरम पाण्याने फुगतात. सुरकुतलेलं नाक हळूहळू गोल होत गेलं, पाण्यात टाकलेला मनुका फुगावा तसं. मग तुटलेल्या कडांना फोमला न जाळणारा गोंद, वरून पारदर्शक टेप. तिसऱ्या दिवशी दोन बोटांच्या टोकांवर विमान उचलून तोल पाहिला. पंखाच्या पुढच्या कडेपासून साधारण चौथ्या हिश्शावर ते आडवं, स्थिर राहिलं पाहिजे. राहिलं.

सुरक्षेची बाकीची शिस्तही सांगते. शर्यतीत मैदानावरच्या प्रत्येकाच्या डोक्यावर हेल्मेट असतं. बॅटरी जोडली की प्रोपेलर कधीही फिरू शकतो असं धरूनच वागायचं, त्याच्या समोर हात न्यायचा नाही. रेडिओचा संपर्क तुटला तर मोटर आपोआप बंद व्हावी अशी सोय प्रत्येक विमानात असलीच पाहिजे, ती मी जमिनीवर रेडिओ बंद करून तपासते. अमेरिकेत २५० ग्रॅमपेक्षा जड विमान उडवायचं तर विमानवाहतूक खात्याकडे नोंदणी लागते. पाच डॉलर, तीन वर्षांसाठी. सोबत सुरक्षेची एक छोटी, फुकट परीक्षा. विमान नेहमी नजरेच्या टप्प्यात हवं. देशभरच्या छंदींची संस्था, अकॅडमी ऑफ मॉडेल एरोनॉटिक्स, १९३६ पासून आहे. इंडियाना राज्यातल्या मन्सीला, आमच्याकडून साडेचार तासांवर, तिचं हजार एकरांहून मोठं मैदान आणि संग्रहालय आहे. तिथे गेलं की विमान हातात घेऊन चालणाऱ्या कुणाकडेच कोणी वळून पाहत नाही, याचा मला फार आनंद होतो.

आमच्या शेडच्या भिंतीवर एक लाकडी फळा अजून टांगलेला आहे, त्यावर नंबर घातलेले कपड्याचे चिमटे. पूर्वी रेडिओ ७२ मेगाहर्ट्झवर चालत आणि विमानांसाठी पन्नास चॅनेल असत. आपल्या चॅनेलचा चिमटा घेतल्याशिवाय रेडिओ चालू करायचा नाही. दोघांनी एकाच चॅनेलवर चालू केला, की हवेतलं विमान गेलं. आता २.४ गिगाहर्ट्झचे रेडिओ स्वतःची वाट स्वतः शोधतात, चिमट्यांची गरज उरली नाही. पण आजोबा फळा काढू देत नाहीत. ते म्हणतात, चिमटा घेताना माणूस दुसऱ्याचा विचार करायचा, ती सवय राहू दे.

भारतातल्या तरुण वाचकांना एक सांगावंसं वाटतं. एनसीसीच्या एअर विंगमध्ये एरोमॉडेलिंग शिकवतात, ती संधी मिळाली तर सोडू नका. विमान घ्यायच्या आधी संगणकावरच्या सिम्युलेटरवर महिनाभर अंगठे तयार करा. तिथे पडलेलं विमान बटण दाबून उभं राहतं. पहिलं विमान शर्यतीचं नको, उंच पंखांचं, सावकाश उडणारं घ्या. सरकारचे नियम आधी वाचा. आणि शक्यतो एकट्याने शिकू नका, जाणत्याच्या शेजारी उभे राहा.

गेल्या ऑक्टोबरात मोसमाची शेवटची शर्यत होती. आजोबांनी उडवणं सोडून चार वर्षं झाली, हात कापतात म्हणून. त्या दिवशी त्यांनी आपलं जुनं निळं विमान आणलं होतं. एकच हीट उडवायची, म्हणाले. मी विमान तपासलं, वजन केलं, झडपा पाहिल्या. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्या मागे, उजव्या खांद्याशी जाऊन उभी राहिले.

चार विमानं सुटली. त्यांची बोटं स्टिकवर थरथरताना मला दिसत होती, सरळ रेषेत विमानही बारीक थरथरत होतं. मी विमानाकडे कमी आणि त्यांच्या हातांकडे जास्त पाहिलं, फिरकी धरताना पाहायचे तसं. खांब जवळ आला. त्यांचा अंगठा उशिरा हलेल हे ओळखून मी नेहमीपेक्षा थोडं आधीच म्हटलं, "वळ!"

निळं विमान कलंडलं आणि त्याच क्षणी निळा दिवा लागला.

वीस वेळा मी तो शब्द म्हटला. वीसही वेळा दिवा लागला, एकही कट नाही. ते तिसरे आले. विमान उतरल्यावर त्यांनी रेडिओ माझ्या हातात दिला, हेल्मेट काढलं आणि विचारलं, "तो शब्द तुम्ही म्हणता तसा मला का येत नाही?" मी त्यांना जीभ टाळूकडे मागे कशी वळवायची ते दाखवलं. गाडीपर्यंत चालत जाताना ते सारखे म्हणून पाहत होते, वल, वल, वळ.